जुन्या गेमिंग कॉम्प्युटरसाठी कमी बजेटमधलं ग्राफिक्स कार्ड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"कोणतं कार्ड घेऊ?" हा प्रश्न सगळेजण सगळ्यात आधी विचारतात. माझ्या मते तो शेवटी विचारायचा असतो. कॉम्प्युटर सात-आठ वर्षं जुना असेल, तर एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा), मदरबोर्डचा स्लॉट, प्रोसेसर आणि कॅबिनेट हे चौघं मिळूनच कार्ड ठरवतात. त्यांना झेपतील अशा दोन-चार कार्डांतून आपण फक्त एक उचलायचं. म्हणून उत्तरंही त्याच क्रमाने लिहिली आहेत. घाईत असाल तर बाकीचं चाळा, पण एसएमपीएसचा भाग नीट वाचा.

गेम अडकतोय म्हणजे कार्डच बदलायला हवं का?

तसं नाही. आधी दोष कुठे आहे ते बघा. एमएसआय आफ्टरबर्नर नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाका आणि गेम चालू असताना कार्डाचा वापर किती टक्के होतोय ते स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसेल असं लावून ठेवा. आकडा सतत ९५ ते ९९ टक्क्यांच्या आसपास असेल, तर कार्ड पूर्ण ताकदीने राबतंय आणि तरीही कमी पडतंय. तुम्ही योग्य जागी आला आहात. पण तो ५०-६० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि एफपीएसही (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) कमीच असेल, तर कार्ड रिकामं बसलंय आणि प्रोसेसर त्याला काम पुरवू शकत नाहीये. तिथे कितीही भारी कार्ड लावलं तरी फरक पडणार नाही.

याहून सोपी चाचणीही आहे. गेमचं रिझोल्युशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस झपकन वाढले तर कार्ड कमी पडत होतं. जागचे हलले नाहीत तर प्रोसेसर.

आणखी एक, कार्ड साफ केलंय का? पाच-सहा वर्षांत हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा तयार होतो आणि चिपवरची थर्मल पेस्ट सुकून खडूसारखी होते. मग कार्ड तापतं आणि तापलं की स्वतःचा वेग कमी करतं. गेम सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटं छान चालतो आणि नंतर मंदावतो, अशी तक्रार असेल तर आधी साफसफाई करा, पेस्ट बदला आणि मगच पैसे काढा.

माझा प्रोसेसर जुना आहे. नवीन कार्डाला बॉटलनेक होईल का?

थोडाफार होणारच, म्हणजे जुना प्रोसेसर नव्या कार्डाला थोडं अडवणारच, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. प्रोसेसर आणि कार्ड यांचा तंतोतंत मेळ कुणाच्याच कॉम्प्युटरमध्ये नसतो. प्रश्न असा विचारा : तुम्ही खेळता त्या गेममध्ये हा प्रोसेसर ६० एफपीएस देऊ शकतो का? देत असेल तर कार्ड बदलून सेटिंग्ज 'लो' वरून 'हाय' वर नेता येतील, आणि डोळ्यांना तो फरक मोठा वाटतो.

चार कोर आणि चारच थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामं) असलेल्या जुन्या आय५ वर मात्र नव्या गेममध्ये झटके बसतात. सरासरी एफपीएस ठीक दिसतो, पण गर्दीच्या जागी चित्र क्षणभर थबकतं. अशा ठिकाणी त्याच सॉकेटमध्ये बसणारा वापरलेला आय७ मिळाला तर बघा. चार कोरचे आठ थ्रेड झाले की झटके बरेच कमी होतात.

एक अडसर असाही आहे, जो कार्डाने सुटत नाही. इंटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरांमध्ये एव्हीएक्स२ नावाच्या सूचना नाहीत. त्या २०१३ मध्ये चौथ्या पिढीत आल्या. अलीकडचे काही गेम त्यांच्याशिवाय सुरूच होत नाहीत. डोळ्यांसमोर ठरावीक एखादा गेम असेल तर त्याच्या किमान गरजांमध्ये हे आधी तपासा.

रॅमचा यात काही संबंध?

आहे, आणि यावर खर्च सगळ्यात कमी होतो. टास्क मॅनेजर उघडा, मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते लिहिलेलं असतं. तिथे एकच स्लॉट भरलेला दिसला, तर रॅम सिंगल चॅनलवर चालली आहे. १६०० वेगाच्या डीडीआर३ ची एक स्टिक सेकंदाला १२.८ जीबी माहिती देते. तशीच दुसरी योग्य स्लॉटमध्ये लावली की हा आकडा २५.६ होतो. एकूण रॅम ८ जीबी असेल तर १६ करा. बजेट तुटपुंजं असेल तेव्हा मी तरी थोडं हलकं कार्ड आणि रॅमची दुसरी स्टिक असंच सुचवतो.

माझा एसएमपीएस ५०० वॅटचा आहे. म्हणजे कुठलंही कार्ड चालेल ना?

याच समजुतीने सगळ्यात जास्त लोक अडकतात, आम्हीही अडकलो होतो.

धाकट्या भावाच्या कॉम्प्युटरमध्ये आम्ही एक वापरलेलं आरएक्स ५८० लावलं. डेस्कटॉप व्यवस्थित, गेमचा मेनू व्यवस्थित. नकाशा लोड होऊन पहिलं दृश्य समोर आलं की कॅबिनेटमधून 'टक' असा बारीक आवाज, आणि सगळं बंद. पंखे, दिवे, सगळंच. दोन दिवस आम्ही ड्रायव्हर काढत-घालत बसलो. तिसऱ्या दिवशी एसएमपीएस बाहेर काढला आणि पहिल्यांदाच त्याचं लेबल वाचलं. वर ठळक अक्षरात ५०० वॅट. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टचे दोन रकाने, एकात १४ अँपिअर, दुसऱ्यात १५. आणि त्यांच्याखाली बारीक अक्षरात, दोन्ही मिळून जास्तीत जास्त २६४ वॅट. कार्डाची गरज १८५ वॅट, प्रोसेसरची ऐंशीच्या आसपास, वर पंखे आणि हार्ड डिस्क. तो बिचारा बंद पडत होता ते बरोबरच होतं. बंद पडला म्हणून बाकीचे भाग वाचले.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोघंही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या रेलवरून (वाहिनीवरून) घेतात. म्हणून वरचा मोठा आकडा सोडा, १२ व्होल्टचा आकडा वाचा. नुसते अँपिअर दिले असतील तर १२ ने गुणा : ३० अँपिअर म्हणजे ३६० वॅट. जास्त रेल असतील तर त्यांची बेरीज करू नका, 'एकत्रित' म्हणून दिलेला आकडाच खरा. त्यातून प्रोसेसरचे वॅट आणि इतर भागांसाठी साधारण ५० वॅट वजा करा. उरलेल्यात कार्ड बसवा, तेही काठोकाठ नको. कार्ड क्षणार्धासाठी आपल्या ठरलेल्या आकड्यापेक्षा बरीच जास्त वीज ओढतं, आणि जुन्या एसएमपीएसमधले कपॅसिटर वयानुसार थकलेले असतात. तीस टक्के जागा मोकळी ठेवली की मला शांत झोप लागते.

एसएमपीएस आठ-दहा वर्षांचा असेल, किंवा कॅबिनेटसोबत फुकट आलेला असेल, तर नवीन कार्डाच्या बजेटमध्येच चांगल्या एसएमपीएसचे पैसे धरा. हा खर्च वाया जात नाही, पुढे पूर्ण कॉम्प्युटर बदलला तरी तोच तिथे लावता येतो.

कार्डाला ६ किंवा ८ पिनची केबल लागते, माझ्याकडे ती नाहीच. साटा कनेक्टरवरून कन्व्हर्टर लावू का?

लावू नका. साटा पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे सगळ्या मिळून ५४ वॅट. ६ पिनच्या जोडणीतून कार्ड ७५ वॅट मागू शकतं, ८ पिनमधून १५०. साट्याचं प्लास्टिक वितळल्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील, ते यामुळेच. शिवाय ज्या एसएमपीएसला कार्डाची केबलच दिलेली नाही, तो अशा कार्डासाठी बनवलेलाच नाही, हेही त्यातून कळतं.

मग एसएमपीएस न बदलता काय घेता येईल?

मदरबोर्डचा स्लॉट स्वतः ७५ वॅट देतो. तेवढ्यावर चालणारी, वेगळी केबल न मागणारी कार्डं असतात, आणि जुन्या कॉम्प्युटरसाठी ती वरदान आहेत.

सगळ्यात जुनं म्हणजे जीटीएक्स ७५० टीआय, २०१४ चं, ६० वॅटचं. आता त्याचं वय झालं, फक्त अगदी साध्या गेमपुरतं ठीक. २०१६ चं जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबीचं आहे आणि ई-स्पोर्ट्सच्या गेमना अजूनही पुरतं. २०१९ चं जीटीएक्स १६५० त्याच्यापेक्षा बरंच वेगवान. पण सावध : १६५० च्या कितीतरी मॉडेलना कंपन्यांनी ६ पिनचं सॉकेट दिलेलं आहे. फोटोत कार्डाची वरची कडा नीट बघितल्याशिवाय घेऊ नका.

नव्यात आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं, ७० वॅटचं. केबलशिवाय चालणाऱ्यांत मला हेच सगळ्यात समतोल वाटतं. ६ जीबी मेमरी, डीएलएसएस (त्याबद्दल पुढे) आणि रेकॉर्डिंगसाठी एन्कोडर, तिन्ही त्यात आहेत. आरएक्स ६४०० तर ५३ वॅटवरच चालतं आणि एका स्लॉटच्या जागेत मावतं, पण जुन्या मदरबोर्डवर त्याचा एक मोठा घोळ आहे. तो पुढच्या उत्तरात.

माझा मदरबोर्ड पीसीआयई ३.० चा आहे, कार्ड ४.० चं. चालेल?

चालेल. पीसीआयई म्हणजे कार्ड बसतं तो स्लॉट. त्याच्या पिढ्या मागे-पुढे जुळतात, कार्ड मुकाट्याने हळू वेगावर उतरतं. खरा प्रश्न कार्ड किती लेन (माहिती वाहणाऱ्या वाटा) वापरतं हा आहे.

पीसीआयई ३.० ची एक लेन सेकंदाला साधारण १ जीबी वाहते, २.० ची अर्धा, ४.० ची २. जीटीएक्स १६५० सारखं कार्ड १६ लेन वापरतं, त्यामुळे ३.० वर त्याला १६ जीबीचा रस्ता मिळतो. आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी ही २०२२ ची कार्डं मात्र फक्त ४ लेन वापरतात. ४.० च्या मदरबोर्डवर त्यांना ८ जीबीचा रस्ता असतो, ३.० वर ४ जीबीचा आणि २.० वर अवघा २ जीबीचा. शिवाय मेमरी ४ जीबीच. ती भरली की टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवलेलं चित्र) रॅममधून आणावं लागतं, तेही याच अरुंद बोळातून. गेम तिथेच धडपडतो. जी कार्डं जुन्या कॉम्प्युटरवाल्यांनाच हवीहवीशी वाटतात, ती जुन्याच कॉम्प्युटरवर सगळ्यात जास्त मार खातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

८ लेनची कार्डं, उदाहरणार्थ आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ३०५०, ३.० वर थोडंसंच गमावतात. त्याची चिंता नको.

तुमचा मदरबोर्ड कुठल्या पिढीचा आहे ते जीपीयू-झेड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दिसतं. ढोबळमानाने : इंटेलची दुसरी पिढी २.० वर, तिसऱ्या पिढीचे आय५ आणि आय७ योग्य मदरबोर्डवर ३.० वर, पण त्याच पिढीचे आय३ २.० वरच. एएमडीच्या एफएक्स मालिकेचे बोर्ड २.० चे. रायझन २२०० जी, २४०० जी, ३२०० जी, ३४०० जी वापरत असाल तर कार्डाला ८ च लेन मिळतात. आणि ५६०० जी किंवा ५५०० प्रोसेसर ४.० च्या मदरबोर्डवर असला तरी तो स्वतः ३.० चाच आहे. हे शेवटचं बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

जुन्या बायोसवर नवीन कार्ड चालू न होण्याची शक्यता असते का?

असते. बायोस म्हणजे मदरबोर्ड चालू करणारं मूळ सॉफ्टवेअर. साधारण २०११-१२ च्या आधीच्या, युईएफआय (बायोसचा नवा प्रकार) नसलेल्या मदरबोर्डवर काही नवी कार्डं चित्रच देत नाहीत. आधी निर्मात्याच्या साइटवरून बायोसची शेवटची आवृत्ती टाकून घ्या, आणि हे जुनं कार्ड लावलेलं असतानाच करा. एवढं करूनही खात्री नसेल तर परत घेण्याची सोय असेल तिथूनच कार्ड घ्या.

मेमरी किती हवी? ४ जीबी चालेल का?

तुम्ही काय खेळता त्यावर आहे. काउंटर-स्ट्राइक, व्हॅलोरंट, डोटा किंवा दहा वर्षांपूर्वीचे मोठे गेम खेळणार असाल तर १०८० वर ४ जीबी अजून पुरते. गेल्या तीन-चार वर्षांतले मोठे गेम खेळायचे असतील तर ८ जीबीच्या खाली जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मेमरी कमी पडली की नेमकं काय होतं, ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही. एफपीएसचा आकडा ५५ दाखवत असतो, पण तुम्ही वळलात की समोरची भिंत आधी चिकणमातीसारखी सपाट दिसते, दोन-तीन सेकंदांनी तिच्यावर विटा उमटतात. दार उघडलं की झटका. काही गेम तर टेक्स्चर गुपचूप खालच्या दर्जाचे लावून टाकतात आणि मेनूमध्ये 'हाय' च लिहिलेलं राहतं. बेंचमार्कच्या सरासरीत यातलं काहीच दिसत नाही.

टेक्स्चरच्या सेटिंगचं एक चांगलं आहे. मेमरी पुरेशी असेल तर ते वाढवल्याने वेगावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही, आणि चित्र मात्र खूप सुधारतं. म्हणून जवळपास सारख्या ताकदीची दोन कार्डं समोर असतील तर मी नेहमी जास्त मेमरीचं घेतो.

उलट बाजूने, दुबळ्या चिपला जास्त मेमरी चिकटवून ती विकायचा प्रकारही जुना आहे. जीटी ७३० ४ जीबीचं असलं तरी ते जीटी ७३० च राहतं.

थोडक्यात, कोणतं कार्ड?

एसएमपीएस बदलायचा नाही, केबल नाही : वापरलेलं जीटीएक्स १६५०, किंवा थोडा जास्त खर्च झेपत असेल तर आरटीएक्स ३०५० ६ जीबी.

एसएमपीएस बरा आहे, ८ पिनची एक केबल आहे : आरएक्स ६६००. ऑक्टोबर २०२१ चं कार्ड, १३२ वॅट, ८ जीबी, आणि कंपनीच ४५० वॅटचा एसएमपीएस पुरेसा म्हणते. कमी वीज, कमी उष्णता आणि १०८० वर बहुतेक सगळं चालवण्याची ताकद, हा मेळ जुन्या कॉम्प्युटरसाठी मला इतर कुठल्याच कार्डात इतका चांगला दिसलेला नाही. चांगल्या अवस्थेतलं वापरलेलं मिळालं तर पुढचा विचार करू नका.

व्हिडिओ एडिटिंग किंवा ब्लेंडरसारखं कामही करायचं असेल : आरटीएक्स ३०६० १२ जीबी. १७० वॅटचं आहे, म्हणून एसएमपीएस धडधाकट हवा. त्याच नावाने ८ जीबीचं मॉडेलही निघालं, ते घेऊ नका. त्यात फक्त मेमरी कमी नाही, मेमरीचा रस्ताही १९२ बिटांवरून १२८ वर आणलेला आहे.

हाताशी पैसे अगदीच थोडे, आणि जुनेच गेम : जीटीएक्स १०६० ६ जीबी किंवा आरएक्स ५७०, ५८०. अजून दमदार आहेत, पण खालचं ड्रायव्हरचं उत्तर वाचून मगच घ्या.

नाव तेच, कार्ड वेगळं, असं होतं का?

फार होतं, म्हणून संपूर्ण नाव वाचायची सवय लावा. जीटी १०३० दोन प्रकारची आहेत. जीडीडीआर५ वालं आणि २०१८ मध्ये आलेलं डीडीआर४ वालं. दुसऱ्याचा मेमरीचा वेग पहिल्याच्या निम्माही नाही, आणि गेममध्ये ते ठळक जाणवतं. जीटीएक्स १०६० चं ३ जीबीचं मॉडेल हे ६ जीबीवाल्याचं नुसतं कमी मेमरीचं भावंड नाही, त्यात कोरही १२८० ऐवजी ११५२ आहेत. आरएक्स ५८० '२०४८ एसपी' असं लिहिलेलं दिसलं तर ते खऱ्या ५८० पेक्षा कमी कोरचं, ५७० च्या जवळ जाणारं आहे. आणि आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल ८ जीबीवाल्यापेक्षा हळू आहे. ते फक्त वीज वाचवायची म्हणून घ्यायचं.

इंटेलचं आर्क स्वस्तात चांगलं वाटतंय. घेऊ का?

जुन्या कॉम्प्युटरसाठी नको. आर्क कार्डांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही मदरबोर्डची सोय हवीच. ती नसेल तर वेग खूप पडतो, आणि कंपनीही दहाव्या किंवा त्यापुढच्या पिढीचेच इंटेल प्रोसेसर सुचवते. डिसेंबर २०२४ चं बी५८० हे १२ जीबीचं गुणी कार्ड आहे, पण जुन्या प्रोसेसरसोबत ते अपेक्षेपेक्षा बरंच मागे पडतं, कारण त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो. नवा कॉम्प्युटर जोडाल तेव्हा त्याचा जरूर विचार करा.

जुन्या कार्डांना ड्रायव्हर किती दिवस मिळतील?

एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांसाठी, तसंच ७५० आणि ७५० टीआयसाठी, नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत चालू राहणार आहेत. जीटीएक्स १६५०, १६६० ही पुढच्या पिढीची, त्यांना अजून पाठिंबा आहे. एएमडीने आरएक्स ४०० आणि ५०० मालिका २०२३ मध्येच वेगळ्या, कमी अपडेटच्या रांगेत टाकल्या.

याचा अर्थ ही कार्डं उद्या बंद पडतील असा नाही. आज चालणारे गेम चालतच राहतील. पण नव्या गेममध्ये चित्र फाटलं, तर दुरुस्ती येईलच असं नाही.

याहून मोठी भिंत वेगळीच आहे. डूम : द डार्क एजेस हा मे २०२५ चा गेम हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचं गणित करणारी कार्डातली सोय) नसलेल्या कार्डावर चालतच नाही. २०१९ चं आरएक्स ५७०० एक्सटी वेगाने आरएक्स ६६०० च्या तोडीस तोड आहे, किंबहुना थोडं पुढेच, पण ही सोय त्यात नाही. म्हणून दोन्ही सारख्याच किमतीला मिळत असतील तर मी ६६०० घेईन.

डीएलएसएस आणि एफएसआर बजेट कार्डाला उपयोगी पडतात का?

पडतात. ही दोन्ही तंत्रं गेमचं चित्र कमी रिझोल्युशनवर काढून मोठं करून दाखवतात. डीएलएसएस फक्त आरटीएक्स कार्डांवर चालतं आणि चित्र जास्त स्वच्छ ठेवतं. एफएसआरच्या तिसऱ्या पिढीपर्यंतच्या आवृत्त्या जुन्या कार्डांवरही चालतात. १०८० वर 'क्वालिटी' च्या खाली मात्र उतरू नका, गवत आणि जाळ्या वळवळायला लागतात.

फ्रेम जनरेशनवर (कार्डाने मधली चित्रं स्वतःच बनवून घालणं) विसंबून कार्ड निवडू नका. मुळात ३० एफपीएस येत असतील तर ते ६० दिसतील, पण हाताला ३० च जाणवतील.

वापरलेलं कार्ड घेताना काय तपासू? मायनिंगचं असेल तर?

मायनिंगच्या नुसत्या नावाने दचकू नका. इथेरियमचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये संपलं, त्यातून बाहेर पडलेली कार्डं तेव्हापासून हातोहात फिरत आहेत. सतत एकाच तापमानावर चाललेलं कार्ड रोज तापून-थंड होणाऱ्या कार्डापेक्षा वाईटच असतं असं नाही. झिजतात ते पंखे, सुकते ती पेस्ट, आणि ताण पडतो तो मेमरीवर. आरएक्स ५७०, ५८० मध्ये मायनिंगसाठी बदललेला बायोस असण्याची शक्यता असते, तो मूळ टाकून घ्यावा लागतो.

कार्ड हातात घेतलं की आधी स्क्रू बघा. त्यांच्या खाचा झिजलेल्या असतील तर ते उघडलं गेलंय. पेस्ट बदलली असेल तर चांगलंच, दुरुस्ती झाली असेल तर विचारायला हवं. सोन्याच्या रंगाचे संपर्क काळे पडलेत का बघा. पंखा बोटाने हलकेच फिरवा : तो सहज फिरून सावकाश थांबला पाहिजे, खरखरला किंवा डगमगला तर बेअरिंग गेलंय. मागच्या बाजूला गंज किंवा पांढरट थर दिसला तर तिथूनच परत फिरा.

मग ते चालू कॉम्प्युटरमध्ये लावून दाखवायला सांगा, आणि किमान वीस मिनिटं एखादी जड चाचणी, हेवन किंवा सुपरपोझिशन, चालवा. तापमान, पंख्याचा आवाज आणि स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा चौकोन उमटतात का, यावर लक्ष ठेवा. एकच ठिपका चमकून गेला तरी ते कार्ड नको. तो मेमरीचा दोष असतो आणि तो वाढतच जातो. सगळे पोर्ट एकेक करून तपासा. विकणारा चालवून दाखवायला तयार नसेल तर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या.

नकली कार्ड कसं ओळखायचं?

२०१०-११ च्या जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआयचा बायोस बदलून ती जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकली जातात. विंडोजला नावही तेच दिसतं. जीपीयू-झेड लावा, तो अशा कार्डाच्या नावापुढे नकली असल्याचं लिहून दाखवतो. दुसरी खूण मागच्या पोर्टांची. जीटीएक्स १००० मालिकेच्या चिपमध्ये व्हीजीएचा सिग्नलच नाही, त्यामुळे १०५० टीआयच्या मागे निळा व्हीजीए पोर्ट दिसला तर शंका घ्या. तिसरी, कंपनीचा खरा ड्रायव्हर त्यावर नीट बसत नाही.

माझ्या मॉनिटरला फक्त व्हीजीए आहे.

एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीए करणारा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागेल, नुसती केबल चालणार नाही. आणि तो मॉनिटर १०८० च्याही खालचा असेल तर मोठं कार्ड घेण्याआधी थांबा. मधलं कार्ड आणि एक बरा मॉनिटर, यातच जास्त आनंद आहे.

कार्ड कॅबिनेटमध्ये मावेल का?

टेप घ्या आणि मागच्या पट्टीपासून समोरच्या पंख्यापर्यंत किंवा हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत मोजा. त्यातून दोन सेंटिमीटर वजा करा. जाडीही बघा, बरीच कार्डं अडीच स्लॉटची असतात आणि खालचे साटा पोर्ट झाकून टाकतात. ऑफिसात वापरतात तसा अरुंद ब्रँडेड कॉम्प्युटर असेल तर लो प्रोफाइल कार्ड लागेल, आणि बुटकी पट्टी डब्यात आहे का ते विचारून घ्या. अशा कॉम्प्युटरचा एसएमपीएस आणि त्याच्या पिना बऱ्याचदा कंपनीच्या खास मापाच्या असतात, बाजारातला साधा एसएमपीएस त्यात बसत नाही. तिथे केबलशिवायचं कार्ड हाच मार्ग.

नवीन कार्ड लावलं आणि स्क्रीन काळीच आहे. काय करू?

मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टमधून काढून कार्डाच्या पोर्टमध्ये लावली का? निम्म्या वेळा हेच राहिलेलं असतं. मग पॉवरची केबल शेवटपर्यंत दाबा. कार्ड काढून पुन्हा बसवा, स्लॉटच्या टोकाची कडी 'कट' करून लागली पाहिजे. तरीही नाही, तर कॉम्प्युटर बंद करून मदरबोर्डवरचा गोल सेल पाच मिनिटं काढून ठेवा, बायोस मूळ स्थितीत येईल.

चित्र आलं पण गेम बंद पडत असतील, तर जुन्या कार्डाचा ड्रायव्हर राहिला असेल. सेफ मोडमध्ये डीडीयू (ड्रायव्हर पुसणारं सॉफ्टवेअर) चालवून तो पूर्ण पुसा आणि नवा टाका. एनव्हिडियाकडून एएमडीकडे किंवा उलट जाताना हे न विसरता करा.

जुनं कार्ड लगेच विकून टाकू का?

दोन-तीन आठवडे थांबा. नवं कार्ड उन्हाळ्यासारख्या गरम खोलीत, लांबलचक खेळात आणि तुमच्या सगळ्यात जड गेममध्ये नीट चालतंय याची खात्री होऊ द्या. तोवर जुनं कार्ड साफ करून, नव्या कार्डासोबत आलेल्या अँटिस्टॅटिक पिशवीत घालून डब्यात उभं ठेवा. नवं परत करायची वेळ आली तर त्या दिवशी कॉम्प्युटर चालू ठेवायला तेच कामी येईल.